शुद्ध करून द्या

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

अकराला गेलेली लाईट अजून आली नाही. टायपिंगच्या दुकानात लाईट नसली की मालक म्हणजे नुसता खुर्चीवर ठेवलेला माणूस. पीकविम्यावाले दहाबारा जण ताटकळून चहाला गेले. म्हणून ही वही काढली.

खरं कारण वेगळं आहे. सकाळी कॉम्प्युटरवर नागपूरच्या एका संस्थेचं आवाहन दिसलं. ‘पहिली ओळ : नव्या लेखकांसाठी’. ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशांनी एक कथा किंवा संहिता पाठवायची. आठ जण निवडणार. त्यांच्या कथा चांगले नट वाचणार, ध्वनिमुद्रण होणार, तीन दिवस कार्यशाळा. मुदत ३१ ऑगस्ट. आणि खाली एक ओळ : वयाची अट नाही.

ही ओळ मी चार वेळा वाचली. आजवर सगळीकडे नवा लेखक म्हणजे पस्तिशीच्या आतला. मी सत्तेचाळीस वर्षांचा नवा लेखक आहे. वीस वर्षांत अकरा कथा लिहिल्या. छापून एकच आली, तीही माझ्या ‘भागवत’ऐवजी ‘भगवान’ या नावाने. आता नाही तर कधीच नाही, हे मला स्वच्छ कळतं.

लाईट जायच्या आधीच आवाहनाची प्रिंट काढली होती. नोकरभरतीच्या जाहिराती मी दुकानाच्या फळीवर लावतो, तशी हीसुद्धा लावता आली असती. खणात उपडी ठेवली. वाशिमकडच्या या मालेगावात लेखक मी एकटाच आहे, मग लावायची कोणासाठी?

गुरुवार, ७ ऑगस्ट

कोणती कथा पाठवायची ते ठरलेलंच होतं. ‘संधिप्रकाशातील अस्तित्व’. एक निवृत्त प्राध्यापक समुद्रकिनारी खडकावर बसून जीवनाचा अर्थ शोधतो. समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, पण त्यावर विचार भरपूर केलाय.

बायकोला, वर्षाराणीला, वाचून दाखवली. आमच्या या बाईसाहेब भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाली, “हा मास्तर सकाळपासून दगडावर बसून राह्यला. याले भूक नाही लागत का?”

“ही वैचारिक कथा आहे.”

“विचार करनाऱ्याले तं जास्त लागते.” मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, “तुमी जेवताना किन्हीराजाच्या गोष्टी सांगता, थ्या किती मस्त असतात. थ्या लिवा ना.”

किन्हीराजा माझं गाव. त्या गप्पा झाल्या. साहित्य वेगळं असतं. गाढवाला गुळाची चव काय, असं तोंडावर आलं होतं, पण संध्याकाळचं जेवण तिच्याच हातात होतं.

सोमवार, ११ ऑगस्ट

दुपारी मेडशीची इकरा आली. मेडशीला स्टँडजवळ गाद्या भरणारे दिलावरभाई आहेत, त्यांची मुलगी. बी. ए. झाली. परीक्षेचे फॉर्म, दाखले, सगळं माझ्याकडूनच करून नेते, मला सर म्हणते. खुर्चीवर बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला.

“सर, हे पाह्यलं का तुमी? नव्या लेखकांसाठी हाय म्हणते.”

तेच आवाहन. मी चष्मा लावून वाचल्यासारखं केलं आणि म्हटलं, “नाही ब्वा.” खण माझ्या गुडघ्याला टेकलेला होता.

“मी बी एक गोष्ट लिहेल हाय. अकरा पानं. टाईप करून देता का? अन् सर, शुद्ध करून द्या. माही मराठी लय वाकडी हाय. घरात उर्दू, दुकानावर वऱ्हाडी, शुद्ध कुठून येईन?”

बाहेर बोर्डच आहे : शब्दसेवा, शुद्ध मराठी टायपिंग. माझ्याकडून गेलेल्या अर्जात एक वेलांटी चुकलेली कोणी दाखवावी. “देतो करून,” म्हटलं. वहीतली पानं टराटरा फाडून तिने माझ्या हातात दिली. बिचारी. लिहिण्याची हौस कोणाला नसते?

बुधवार, १३ ऑगस्ट

टाईप करायला बसलो. पहिली ओळ संपायच्या आत स्क्रीनवर सगळीकडे लाल रेघा. मले, तुले, काहून, वावर. पानाला गोवर उठल्यासारखं दिसत होतं. ठरवलं, आधी जसंच्या तसं टाईप करू, मग सुधारू.

गोष्टीचं नाव ‘खड्डा’. प्रयागबाई नावाची म्हातारी नवरा गेल्यावर गादी भरून घ्यायला येते. कापूस दबून गोळे झालेत. ती म्हणते, “भाऊ, सारी गादी पिंजा, पन हा खड्डा राहू द्या. थे तथीच झोपत.” गादीवाला म्हणतो, बाई, कापूस पिंजला की खड्डा कसा राहीन? दोघांची हुज्जत होते. बाई गादी उचलून चालू लागते, परत येते, पुन्हा जाते. शेवटी गादीवाला मधोमध शिवण घालतो आणि अर्धीच गादी पिंजून देतो, बाईच्या बाजूची. शेवटचं वाक्य : ‘तिच्या बाजूची गादी वर आली, अन् रातच्याले ती घरंगळून त्याच्या खड्ड्यात जाये.’

हे वाक्य टाईप केलं, उठलो, माठातलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो. वाक्य तिथेच होतं.

गोष्ट वाईट असती तर मी जीव लावून सुधारली असती. परवा तिची दया आली तेव्हा किती बरं वाटलं होतं. आज पोटात मिरची वाटल्यासारखं होतंय. बावीस-तेवीसची पोरगी, गाद्यांच्या दुकानात बसून बायकांचं बोलणं ऐकते आणि अकरा पानांत हे करते. मी वीस वर्षं समुद्राकडे बघतोय.

त्यात वर्षाराणी डबा घेऊन आली. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात उभ्याउभ्या स्क्रीनवर वाचून काढलं. येऊन पाहतो तर पदर डोळ्याला. माझ्या अकरा कथांपैकी एकीलाही हिने पदर लावलेला नाही.

“कोनाची हाय?”

“मेडशीच्या इकराची. शुद्ध करायला दिलीय.”

“तुमच्यापेक्षा…” एवढंच म्हणून ती डबा उघडायला लागली. लग्नाला बावीस वर्षं झाली की बायको अर्ध्या वाक्यावर थांबते, आणि उरलेलं अर्धं नवरा दिवसभर ऐकत बसतो.

मले काय कमी आहे? मला. मला काय कमी आहे?

शनिवार, १६ ऑगस्ट

सुधारायला फार तर दीड तास लागेल. ‘मले’ शोधायचं, ‘मला’ घालायचं. ‘काहून’ शोधायचं, ‘का’ घालायचं. शेकडो अर्ज मी असे घडवले आहेत. आज बसलो, यादी काढली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

परीक्षक म्हणजे भाषेचे प्राध्यापक असणार. पहिल्या पानावर ‘थे तथीच झोपत’ वाचून ते कागद बाजूला ठेवतील. कोण एवढी लाल रेघांची रास वाचत बसेल? आठ जागा आहेत. त्यात वाशिम जिल्ह्यातून दोघांना घेतील असं वाटत नाही.

मी काही वाईट करत नाही आहे. तिने लिहिलं तेच तिला देतोय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कोणीही विचारलं तर हेच सांगेन.

पण कोणी विचारलेलं नसताना मी हे वहीत का लिहितोय?

मंगळवार, १९ ऑगस्ट

इकरा आली. “झालं सर शुद्ध?”

“झालं,” म्हटलं. तिच्याकडे न बघता प्रिंट काढली. फाईल तिच्या मोबाईलवर पाठवली, मेल ती स्वतः करणार आहे. कथेसोबत एक घोषणापत्र लागतं, ही कथा माझी स्वतःची आहे म्हणून. ते तिने तिथेच हाताने लिहून दिलं. टाईप करताना ‘स्वताची’ला विसर्ग दिला, ‘लीहीलेली’चं ‘लिहिलेली’ केलं, तारखेपुढचा ‘रोजी’ जागेवर आणला. हाताची सवय. स्टेपलर काढायला खण उघडला तर त्याला अडकून ती प्रिंट उलटली; पटकन पुन्हा उपडी करून खण बंद केला.

जाताना म्हणाली, “तुमी होते म्हणून सर. नाहीतर कोणाले दाखवली असती?”

आज दुकान लवकर बंद केलं. डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं.

रविवार, ३१ ऑगस्ट

‘संधिप्रकाशातील अस्तित्व’ पाठवली. सात वेळा तपासली. तेरा पानं, एकही लाल रेघ नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

मेल नाही. पावसाने सोयाबीन झोपलं, पंचनाम्याच्या अर्जांची रांग आहे. किन्हीराजाचे जगदेवकाका आले होते. त्यांनी ‘माह्या वावरात पाणी साचलं’ असं सांगितलं, मी ‘माझ्या शेतात जलसंचय झाला’ असं टाईप केलं. वाचून दाखवल्यावर ते घाबरले. “भागवता, हे माहंच वावर होय ना रे? का दुसऱ्याचं लिवलं?”

शुक्रवार, १० ऑक्टोबर

निकाल लागला.

यादी संस्थेच्या पानावर आहे. तिसरं नाव : इकरा दिलावर, मेडशी, जि. वाशिम. कथा ‘खड्डा’. शेजारी परीक्षकांचं एक वाक्य : ‘या कथेची भाषा कोणी सुधारली नाही, हे मराठीचं भाग्य.’

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचतोय आणि दर वेळी ते माझ्याकडेच बघतंय.

मलाही मेल आहे. ‘आपली कथा भाषिकदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि तीत माणसे भेटली नाहीत.’ माणसे! अख्खा प्राध्यापक बसवलाय खडकावर, तो काय यांना बगळा वाटला?

सुधारली असती तर? बसलो असतो दीड तास, ‘मले’चं ‘मला’ केलं असतं, तर ती आज घरी असती आणि मला निदान पाप तरी लागलं नसतं. वाईट करायला गेलो आणि भलं झालं, तेही तिचं. असा मूर्ख मालेगाव तालुक्यात दुसरा सापडणार नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

इकरा पेढे घेऊन आली. मी “अभिनंदन” म्हटलं.

ती पेढा पुढे करून तशीच उभी राहिली. “सर, एक इचारू? मी तुमाले शुद्ध करून द्या म्हणलं होतं. तुमी नाही केलं. काहून?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. वर्षाराणी डबा घेऊन आलेली होती, स्टुलावर बसून ऐकत होती. मी म्हटलं, “मुद्दामच ठेवलं.”

शंभर टक्के खरं उत्तर. आयुष्यात इतकं खरं बोलून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

इकराने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, “बरं सर,” आणि पेढा माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खणात ठेवला, त्या उपड्या प्रिंटवर.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज ‘खड्डा’चं ध्वनिमुद्रण सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. सकाळपासून चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या रांगेत, तहसीलच्या पायरीवर तेच वाजतंय. सुरुवातीला इकराचा आवाज आहे : “ही गोष्ट मालेगावच्या भागवतसरांनी टाईप केली. एक शब्द बदलला नाही. मुद्दाम.”

दुपारपर्यंत चौदा जणांनी हात मिळवले. एकाने शाल आणली. वकिलांच्या ऑफिसातला उदयसिंग म्हणाला, “मानलं सर तुमाले. एवढे शुद्धवाले असून पोरीची बोली जपली. दुसऱ्यानं हात मारलाच असता.” मी मान खाली घालून हसलो, तर तो म्हणाला, “अन् किती विनम्र!”

शाल लोकरीची आहे. खांद्याला टोचते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज वर्षाराणीने डबा ठेवला आणि म्हणाली, “तुमी कायले नाही सुधारलं ते मले मालूम हाय. त्या दिवशी तुमीच म्हणले होते, शुद्ध कराले देल्ली म्हणून. अन् मंग तुमचं तोंड पाह्यलं होतं म्या.”

मी भाकरी मोडत राहिलो.

“चौदा लोकाइले चालते तुमचं ‘मुद्दाम’. पोरीले तं जाऊन सांगा.”

बुधवार, २६ नोव्हेंबर

मेडशीला जाऊन आलो. एस. टी.त उभा राहून गेलो, बसायला जागा असून.

दिलावरभाई दुकानापुढे नव्या गादीला टाके घालत होते. मला पाहून उठले. “आओ सर, बैठो. त्या गादीवरच बसा, नवी हाय, दाबली पाह्यजे कोनीतरी.” मी बसलो. इकरा पाणी घेऊन आली. एवढ्या रस्त्यात जुळवलेली सगळी वाक्यं गेली आणि मी म्हटलं, “इकरा, म्या तुही गोष्ट मुद्दाम नाही सुधारली. तू पडावं म्हणून.”

सुई चालायची थांबली. इकरा म्हणाली, “मालूम होतं सर.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. एस. टी.त प्रिंट वाचली. पयले वाटलं तुमी विसरले. मंग घोषणापत्र पाह्यलं. त्यातली एक एक वेलांटी सुधरेल होती. अन् गोष्टीत एक कॉमा बी नाही? तुमाले तं जेवणाच्या डब्यावरचं नाव चुकलं तरी चालत नाही.” ती हसली नाही, चिडलीही नाही. “लय रडू आलं. घरी येऊन अब्बाले म्हणलं, आता दुसऱ्याकडून शुद्ध करून घेतो.”

दिलावरभाई दात लावून दोरा तोडत म्हणाले, “मी बोल्लो, बेटा, पयले वाचून दाखव. ऐकली. प्रयागबाई हुबेहूब अशीच बोलत होती, माह्याशीच तं भांडली होती. हिले म्हणलं, बोली बदलशील तं थे कोनी दुसरीच बाई होईन. मंग तिचा खड्डा कोन सांभाळंन?”

“मंग तशीच पाठवली,” इकरा म्हणाली.

म्हणजे ठरवलं तिनेच. माझ्या वाईटपणाचाही तिथे काही उपयोग झाला नव्हता. तीन महिने मी स्वतःला खलनायक समजत होतो, आणि गोष्टीत मी नुसता टायपिस्ट होतो.

“मग ध्वनिमुद्रणात माझं नाव कायले घेतलं?”

“खोटं कुठं बोलली मी? एक शब्द बदलला नाही, मुद्दाम. तुमीच तं सांगतलं होतं सर.” आता मात्र ती हसली. बापाने डोळे वटारले तरी हसतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “राग होता मले. म्हणून घेतलं. शाल मिळाली म्हणे?”

मी म्हटलं, मिळाली. टोचते.

उठताना तिने मोबाईल पुढे केला. “पुढच्या खेपेचं आवाहन आलं. एकतीस जानेवारी. या वेळी खणात लपवू नका.” स्टेपलर काढला त्या दिवशीच तिने कागद पाहिला होता तर! “तुमी बी पाठवा. मी बी पाठोन राह्यली, दुसरी. निवडलेल्याइले बी चालते.”

“अजून एक लिहिलीस?”

“अर्धी झाली. लय भारी होऊन राह्यली.”

बघा. माफी मागायला गेलो होतो, निघेपर्यंत पोटात तीच मिरची. वळून पाहिलं तर नव्या गादीवर मी बसलो होतो तिथे खोलगट झालं होतं. दिलावरभाईंनी ते तसंच राहू दिलं आणि दुसऱ्या कडेचे टाके घालू लागले.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी आवाहनाची प्रिंट दुकानाच्या फळीवर लावली, नोकरभरतीच्या शेजारी. जगदेवकाकांनी विचारलं, याले सातबारा लागते का. नाही म्हटलं.

दुपारी लाईट होती, गिऱ्हाईक नव्हतं. नवी फाईल उघडली. प्राध्यापकाला खडकावरून उठवून घरी पाठवलं, जेवला असेल बिचारा. बराच वेळ काही सुचलं नाही. मग जेवताना वर्षाराणीला सांगतो तसं, एक वाक्य लिहून टाकलं :

‘म्या एका पोरीचं वाईट चिंतलं, पन थेही मले जमलं नाही.’

कॉम्प्युटरने चार शब्दांखाली लाल रेघ ओढली. हात सवयीने पुढे गेला, ‘मले’पाशी थांबला आणि परत आला.

वर्षाराणीने खांद्यावरून वाकून वाचलं. डबा उघडायचा सोडून स्टूल ओढून बसली. “मंग?” म्हणाली. “पुढं काय झालं?”

तिला सगळं माहीत आहे, तरी विचारते.

संध्याकाळपर्यंत तीन पानं झाली. इकराची अकरा होती. माझी बारा होतील.